वेलावरचे नवरे

एका श्रावणात मी आमच्या भोपळ्याच्या वेलावरचे सगळे नवरे तळून खाल्ले. हरभऱ्याच्या पिठात घोळवून, ओवा, तिखट, मीठ लावून, चांगले कुरकुरीत. एकटीने नाही खाल्ले, घरच्यांनाही वाढले. वरच्या मजल्यावर बशी पाठवली. आणि हे सगळं मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यानंतर केलं, आधी नव्हे. कॉलेजात मी भोपळ्याच्या फुलाची अशी आकृती काढली होती की बाईंनी ती वर्गभर फिरवली होती. डावीकडे नरफूल, उजवीकडे मादीफूल, प्रत्येक अवयवाला बाण. परीक्षा झाली आणि ते सगळे बाण माझ्या डोक्यातून सुटले ते सुटलेच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भोपळ्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एकीच्या बुडाशी गोटीएवढा भोपळा जन्मतःच चिकटलेला असतो, ती बायको. दुसरं फूल लांब देठावर ताठ उभं, बुडाशी काही नाही, नुसता तोरा, तो नवरा. नवऱ्याचे पिवळे पराग बायकोपर्यंत पोचले तर गोटीचा भोपळा होतो. नाही पोचले तर गोटी पिवळी पडते आणि गळते. शाळेतल्या पोरालाही हे कळतं. मला कळलं नाही, कारण मी तेव्हा कढईपाशी उभी होते.

ही गोष्ट कांजूरमार्गची, ऐंशी सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली. आमची तळमजल्यावर दोन खोल्यांची जागा होती. स्वयंपाकघराचं दार मागे उघडायचं आणि तिथे इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी होती. पट्टी सर्वांची होती, म्हणजे कोणाचीच नव्हती. वरच्या बायका केस विंचरून गुंतवळ तिथे टाकायच्या, कांद्याची सालं टाकायच्या, आणि कोणाच्या तरी पोरांची एक चाक गेलेली लोखंडी तीनचाकी सायकल तिथे कायमची राहायला आली होती. मी लग्न होऊन आल्यापासून त्या दाराला आतून कडी लावून ठेवली होती. घाण नको, उंदीर नकोत.

ती कडी सासूबाईंनी काढली.

सासरे गेले आणि हे जाऊन सासूबाईंना मुंबईला घेऊन आले. रत्नागिरीकडचं घर दिरांनी सांभाळायचं आणि आईने थोरल्याकडे राहायचं असं ठरलं. म्हणजे दोघा मुलांनी ठरवलं. आईला कोणी विचारलं नाही. त्या आल्या एक ट्रंक आणि एक गाठोडं घेऊन. मला वाटलं गाठोड्यात देव असतील. उघडलं तर राखेत घोळवलेल्या बिया. भोपळा, भेंडी, माठ, चवळी, मका. मी म्हटलं, "आई, हे कुठे पेरणार? गॅलरीसुद्धा नाही आपल्याला." त्यांनी सगळ्या घरावरून नजर फिरवली. "पायाखाली लादी, डोक्यावर लादी. तुम्ही माणसं आहात की लोणच्याच्या बरण्या गो?" असं म्हणाल्या आणि मागच्या दारापाशी गेल्या.

खरं सांगते, पहिले काही दिवस त्या परत जाते म्हणाल्या असत्या तर मी ट्रंक उचलायला मदत केली असती. डबा आवरायचा, लेकीची वेणी घालायची, आठच्या ठोक्याला घराबाहेर पडायचं, आणि त्यात या बाई स्वयंपाकघरात चिखलाचे पाय घेऊन येणार. मी नोकरी करणारी बाई, मला माझा मोठा अभिमान. पण हळूहळू काय झालं, संध्याकाळी ऑफिसातून घरी यावं तर चहाचं आधण ठेवलेलं, लेक न्हालेली, पाढे म्हणत बसलेली, आणि मागच्या दारात एका सुपात भेंड्या. अशा भेंड्या, की टोक मोडलं तर टच्च आवाज व्हावा. बाजारातल्या भेंडीचं टोक वाकतं, तुटत नाही. माझ्या आयुष्यात मी भेंडीचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो तिशी आल्यावर. सासूबाई म्हणायच्या, "चीर आणि टाक, तिला फार सजवू नको." नुसती मोहरी, दोन आमसुलं. ती भाजी पातेल्यातून ताटात यायच्या आत अर्धी संपायची, कारण मी उभ्याउभ्याच चमच्याने खायची. मग माठ झाला. मग भिंतीच्या सावलीत अळू. वरच्या बायकांनी गुंतवळ टाकायचं बंद केलं आणि गॅलरीतून वाकून आमची पट्टी बघायला लागल्या.

पण सासूबाईंचा सगळा जीव होता तो भोपळ्याच्या वेलात. त्याला कारण होतं ऋषिपंचमी.

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बायकांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या जमिनीतलं काही चालत नाही. माणसाने आपल्या हाताने खणून, पेरून, पाणी घालून वाढवलेलं तेवढं खायचं. त्या सगळ्या भाज्या एकत्र शिजवायच्या, तिला ऋषीची भाजी म्हणतात, आणि लाल भोपळ्याशिवाय ती होत नाही. गावाला सासूबाईंनी हे व्रत लग्नापासून केलेलं, परसातल्या भाजीवर. मुंबईतल्या पहिल्या वर्षी, पट्टीत अजून काही उगवलं नव्हतं तेव्हा, त्यांना मी मंडईत घेऊन गेले. तिथे "ऋषीची भाजी, ऋषीची भाजी" म्हणून ढीग लावलेले. सासूबाईंनी भाजीवाल्याला विचारलं, "बैलाची नाही ना रे?" तो म्हणाला, "नाय हो आजी, बैल कुठला! ट्रकनं आलीय."

त्या वर्षी त्या दोन घास खाऊन उठल्या. पुढच्या वैशाखात भोपळ्याचं आळं केलं त्या दिवशी मला म्हणाल्या, "जिथली माती आपल्याला ओळखत नाही तिथे म्हातारीने राहू नये, सुनबाई. या पंचमीला माझ्या वेलाचा भोपळा माझ्या ताटात पडला तर मी समजेन, ओळखलंन. नाही पडला तर दसऱ्यानंतर गावाला कोणी जाणारं असेल त्याच्या सोबतीने मला पाठवून द्या. धाकट्याकडे राहीन." रागाने नाही बोलल्या. मिरच्यांचे देठ खुडता खुडता बोलल्या, म्हणून मला जास्त भीती वाटली.

वेलाने मनावर घेतलं. जूनमध्ये भिंतीवर, जुलैत भिंतीपलीकडे, तिथून परत वळून आमच्या खिडकीच्या गजांना. पहिली फुलं उमलली त्याच आठवड्यात सांताक्रूझला नणंदेचा पाय मोडला, प्लास्टर घातलं. तिच्याकडे दोन लहान मुलं. सासूबाईंना जावंच लागलं. मी रजा टाकून घरी राहिले. निघताना त्यांनी मला लेकीबद्दल एक वाक्य सांगितलं आणि वेलाबद्दल दहा. आळ्यात पाणी तुंबू देऊ नको. गोगलगायी वेच. शेंड्याला हात लावू नको. "आणि फुलं?" मी विचारलं. "फुलांचं काय, ती आपली उमलतात," त्या म्हणाल्या. गावाला फुलांचं सगळं मधमाश्या आणि भुंगे बघायचे. त्यांना वेगळं सांगावं असं कधी कोणाला सुचलंच नसणार.

आता बघा, मी शिकलेली. नुसतं पाणी घालून गप्प बसेन कशी? पहिल्याच सकाळी मी वेलासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि निरीक्षण केलं. काही फुलांखाली भोपळा आहे, बऱ्याच फुलांखाली नाही. ज्यांच्याखाली भोपळा नाही ती फुलं नुसती मिरवतात. वेलाचं पाणी पितात, जागा अडवतात, काम शून्य. मला आमच्या ऑफिसातले दोन-तीन जण डोळ्यांसमोर आले. म्हटलं, ही काढून टाकली तर सगळा जोर भोपळ्यांना लागेल! इतकी हुशारी मला कॉलेजात कधी सुचली नव्हती.

काढून टाकली तर मग फेकायची कशाला? श्रावण होता, घरात कांदा-लसूण बंद, मासळी बंद, आणि यांचं तोंड रोज जेवायला बसताना एवढंसं. मी फुलं धुतली, मधला पिवळा दांडा चिमटीने उपटून टाकला, कारण तो कडवट लागतो. तो दांडा म्हणजेच सगळे पराग हो! माझी बोटं पिवळी व्हायची आणि मी ती पदराला पुसायची. पदराला पुसायची! मग फूल पिठात बुडवायचं आणि तेलात सोडायचं. ते तेलात पडलं की एकदा फुगतं, पाकळ्या पसरतं, जसं काही पुन्हा उमलतंय. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आणि चव अशी कोवळी की तिला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. लेक शाळेतून आली की दप्तर न काढता ताटलीपाशी. हे संध्याकाळी लवकर घरी यायला लागले. लग्नाला सात-आठ वर्षं झाल्यावर नवरा लवकर घरी येतो म्हणजे कढईची ताकद केवढी बघा.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींना बशी पाठवली तर दुसऱ्या दिवशी बशी रिकामी परत आली आणि पाठोपाठ गॅलरीतून आवाज, "अहो, कळ्यांची अजून छान होतात म्हणे!" मग मी कळ्याही काढायला लागले. उद्या-परवा उमलायच्या, देठ लांब असलेल्या, सगळ्या. खरंच छान होतात.

इकडे भोपळे गळायला लागले. गोटी होती ती पिवळी पडायची, बुडाशी मऊ व्हायची, आणि सकाळी बघावं तर मातीत. मी म्हटलं, पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं. मग म्हटलं, पाणी जास्त झालं. मग वरच्या वहिनी म्हणाल्या, "दृष्ट लागली हो. सगळी बिल्डिंग बघत असते." बी.एस्सी. झालेल्या बाईने लगेच यांचा जुना बूट शोधून काढला, सुतळी बांधली आणि वेलाच्या काठीला उलटा टांगला. पाऊस पडून त्या बुटात पाणी साठलं आणि दुसऱ्या दिवशी त्यात एक बेडूक येऊन बसला. वेलाला काही फरक पडला नाही. बेडकाची सोय झाली.

शेवटी सगळं उलगडलं ते ताटावर, श्रावणी सोमवारी उपास सोडायला लवकर बसलो होतो तेव्हा. हे जेवताना एक भजं उचलून उजेडात धरत म्हणाले, "ही नेमकी कोणती फुलं गं? ज्यांना भोपळे लागतात ती खातोय की काय आपण? आई येऊन ओरडेल."

"छे हो," मी म्हटलं. आता आपल्याला बोलायची संधी मिळाली असं वाटून मी नीट बसले. "ही नरफुलं. यांना फळ धरत नाही. निरुपयोगी असतात."

"अस्सं. नर निरुपयोगी," हे म्हणाले. "मग उद्या मलाच तळ."

मी हसायला लागले आणि मध्येच थांबले. हसू घशात, भजंही घशात. नरफूल हा शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडला होता आणि त्याच्या मागोमाग ती आकृती आली, डावीकडची, उजवीकडची, आणि सगळे बाण. मी ताटावरून उठले, खरकट्या हाताने मागच्या दारात गेले. हे मागून विचारतायत, "अगं, तिखट लागलं का?"

दिवेलागणीला अजून वेळ होता, दिसत होतं सगळं. मी वेल शेंड्यापासून बुडापर्यंत चाचपला. लांब देठाची एक कळी नाही. नवी येऊन उमलायला आठवडा सहज जाणार होता आणि पंचमी जेमतेम तीन-चार आठवड्यांवर आलेली. आणि खिडकीच्या गजापाशी एक मोठी मादीकळी होती, तिच्याखाली टपोरी हिरवी गोटी. टोक पिवळं झालेलं. उद्या सकाळी उमलणार आणि दहाच्या आत मिटणार. पोरगी लग्नाला उभी आणि गावातले सगळे मुलगे आम्ही फस्त केलेले!

मला सासूबाईंचं ते मिरच्यांचे देठ खुडत बोललेलं वाक्य आठवलं. दसऱ्यानंतर पाठवून द्या. त्या गेल्या तर माझी नोकरी सुटणार हे तर होतंच. लेकीला शाळेतून आल्यावर कोण बघणार? पण तिथे उभं राहून मला नोकरी आठवली नाही. मला ते सूप आठवलं आणि दारातली ती भेंड्यांमागे बसलेली म्हातारी. तिची माती तिला ओळखायला तयार होती हो! मीच मध्ये कढई ठेवली होती.

आता नवरा आणायचा कुठून? आमच्याकडे एक कोळीण मासळी घेऊन यायची. श्रावणात आमच्या इमारतीत कोणी मासे घेत नसल्यामुळे ती दिसली नव्हती, पण मागे एकदा बोंबील साफ करता करता ती सासूबाईंना सांगत होती की तिच्या घराच्या पत्र्यावर भोपळ्याचा वेल चढलाय. तिची वस्ती खाडीच्या बाजूला, आमच्यापासून चालत जाण्यासारखी. सकाळी उजाडता उजाडता मी एक स्टीलचा डबा घेतला, त्यात ओलं फडकं घातलं आणि निघाले.

ती दारात बसून जाळं विणत होती. मला बघून तिने डोळे बारीक केले. "काय गो बाय, श्रावन मोडलास काय? म्हावरा नाय आज."

"मासे नकोत. तुमच्या वेलाची फुलं हवी होती. दोन-तीनच. नर... म्हणजे खाली भोपळा नसलेली."

"कनाला? भज्या करतेस?"

मी म्हटलं, "नाही हो, भज्या करून झाल्या. म्हणूनच." आणि सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता तिच्या हातातलं जाळं खाली गेलं. मग तिने घरात तोंड करून हाक मारली, "अगो, बाहेर या गो! ही शिकलेली बाय नवरा मागाया आलीय! आपले सगले खाल्लान, आता आमचे पायजेत!" आतून तिची सून आली, जाऊ आली, शेजारची आली. मी मध्ये डबा घेऊन उभी.

"कसा पायजे?" सून म्हणाली. "उंच पायजे का?"

"पगार बघ," शेजारची म्हणाली.

"दारू पीत नाय आमचा," कोळीण पत्र्याकडे हात करून म्हणाली. "नुसता पानी पितो." आणि स्वतःच शिडी लावून वर चढली. साठीची बाई, पण चढली अशी की मला वर बघायला लाज वाटली. तिने मला चांगली ताजी, नुकती उमललेली तीन फुलं दिली. "एक नवरा, दोन करवले," म्हणाली. "आनि ऐक, भोपला झाला तर एक फोड मना आनून दे. वरमाय हाय मी."

परत येताना माझ्या लक्षात आलं नव्हतं ते आमच्या इमारतीचे सेक्रेटरी दुधाच्या बाटल्या घेऊन समोर आल्यावर लक्षात आलं. सकाळची वेळ, खाडीची बाजू, आणि हातात डबा. सभ्य माणूस अशा बाईकडे बघत नाही. त्यांनी आधी मान फिरवली, मग राहवेना म्हणून आकाशाकडे बघत विचारलं, "वहिनी, तळमजल्याला पाणी येत नाहीये का?"

"येतंय की भाऊ," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे मीटिंगमध्ये घेऊ आपण विषय," असं म्हणून ते भरभर निघून गेले. त्यांनी तो विषय मीटिंगमध्ये खरोखरच घेतला, पण ती वेगळी कथा.

घरी आले तर ती कळी उमलली होती. ताटलीएवढी, आत केशरी, काठाला दव. लेक नुकती उठून दारात डोळे चोळत उभी. मी डब्यातला नवरदेव काढला, त्याच्या पाकळ्या सोलल्या, आणि तोच पिवळा दांडा, जो मी रोज चिमटीने उपटून मोरीत टाकत होते, तो हळूच बायकोच्या मधोमध टेकवून गोल फिरवला. मग दोन्ही करवल्यांनाही कामाला लावलं. उगाच धोका कशाला पत्करा. लेकीने विचारलं, "काय करतेस?" मी म्हटलं, "लग्न लावतेय." ती धावत आत गेली आणि मूठभर तांदूळ आणून वेलावर उधळले. चिमण्यांनी लगेच जेवणावळ उरकून घेतली.

पुढचे काही दिवस मी त्या गोटीकडे बघत नव्हते. म्हणजे दिवसातून वीसदा बघत होते, पण तिरप्या नजरेने, तिला कळू नये म्हणून. इतर गोट्या पिवळ्या पडल्या. ही पडली नाही. लिंबाएवढी झाली. मग मोसंब्याएवढी. मग एके दिवशी देठ वाकला आणि मी यांच्या जुन्या बनियनची झोळी करून ती गजाला बांधली.

सासूबाई परत आल्या त्या आधी चपला घालूनच मागे गेल्या. मी पाणी घेऊन मागोमाग. त्यांनी वेल बघितला, वरपासून खालपर्यंत.

"एवढा वेल पसरला आणि भोपळा एकच?"

"पाऊस फार झाला," मी म्हटलं.

"हं. आणि माझ्या लेकाचा बूट इथे का लटकतोय?"

लेक लगेच म्हणाली, "आजी, आई रोज फुलांची भजी करायची. खूप मस्त लागायची. मग फुलं संपली आणि आईने कोळीणआजीकडून नवरा आणला."

मी सगळं सांगितलं. नरफूल, मादीफूल, कढई, बूट, डबा. सासूबाई पाणी प्यायल्या, भांडं खाली ठेवलं आणि आत गेल्या. रात्री जेवताना यांना म्हणाल्या, "दसऱ्यानंतर गावाला कोणी जातंय का ते जरा विचारून ठेव." हे माझ्याकडे बघायला लागले. मी आमटीकडे.

पुढचे सगळे दिवस आमच्या घरात तो भोपळा एखाद्या दाखल केलेल्या पेशंटसारखा होता. पावसाची झड आली की सासूबाई उठून झोळी बघायच्या. भिंतीवर उंदीर दिसला तर मी काठी घेऊन बसायची. आमच्यात बोलणं फार नव्हतं, पण सकाळी दोघी एकाच वेळी मागच्या दारात असायचो आणि दोघीही म्हणायचो, "मी आपली माठ बघायला आले." भोपळा नारळाएवढा झाला, मग लहान घागरीएवढा. पण हिरवा तो हिरवाच. लाल व्हायला त्याला वेळ हवा होता आणि वेळ आमच्याकडे नव्हता.

पंचमीच्या सकाळी सासूबाई न्हाऊन आल्या. मी सूप घेऊन उभी. त्या पट्टीतून आम्ही एकेक गोळा करत गेलो. भेंड्या, टच्च टच्च. माठाचे देठ, अंगठ्याएवढे जाड, मोडले की रस. अळूची पानं, पावसाचे थेंब घरंगळत. चवळीच्या शेंगा पानांत लपलेल्या, सापडल्या की दोघींना लहान पोरींसारखा आनंद. मक्याची चार कणसं, दाणे दुधाळ, एकाला शेंड्याला दाणेच नाहीत. लेक म्हणाली, "हे कणीस बोळकं आहे." सूप भरलं. इतकं हिरवं, इतकं ओलं, आणि त्याला मातीचा वास असा, की मला तिथेच कच्चं खावंसं वाटलं. मी एक भेंडी खाल्लीसुद्धा. आज पंचमी आहे, नैवेद्य व्हायचाय हे विसरून. सासूबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

मग झोळी सोडली. विळ्याने देठ कापायला त्या पुढे झाल्या आणि थबकल्या. विळा माझ्या हातात दिला. "तू काप. लग्न तू लावलंस." मी कापला. जड होता. दोन्ही हातांनी पोटाशी धरून आत आणला तर माझी साडी ओली झाली.

चिरला तेव्हा आत फिकट पिवळा निघाला, बिया अजून पांढऱ्या, कोवळ्या. मी पटकन म्हटलं, "कच्चा आहे हो." सासूबाईंनी एक फोड नाकाशी नेली, वास घेतला आणि पातेल्यात टाकली. फोडणी नाही, मसाला नाही. चिंचेचा कोळ, मीठ, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. भाजी रटरटायला लागली तसा वास पुढच्या खोलीत गेला आणि हे उगाचच पेपर घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसले. एक मोठी फोड मी आधीच फडक्यात बांधून बाजूला ठेवली होती, खाडीकडच्या वरमाईसाठी.

वरीच्या भातावर ती भाजी घेतली. प्रत्येक घासाला वेगळं काहीतरी दाताखाली यायचं. कधी माठाचा देठ चोखायचा, कधी मक्याचा तुकडा दोन्ही हातांनी धरायचा, कधी अळू नुसतं विरघळून जायचं. आणि भोपळा. गोड नव्हता, अजून व्हायचा होता. पण कोवळा, दुधाळ. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. लेकीच्या हनुवटीवरून रस ओघळत होता. सासूबाई मान खाली घालून जेवत होत्या, सावकाश, एकेक देठ चोखून ताटाच्या कडेला नीट रचत. दोन घासांत उठल्या नाहीत. ताट पुसून घेतलं, बोटं चाटली. मग हात धुवायला मागच्या दारात गेल्या आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. विचारायची हिंमत होत नव्हती. त्यांनीच बोलायला सुरुवात केली, वेलाकडे बघत.

"गावाला असं झालं असतं ना, तर आम्ही करणी झाली म्हणून वेल उपटून टाकला असता. तू निदान चूक कुठे झाली ते शोधलंस." मग चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला त्या कोपऱ्यात पडवळ लावायचं म्हणते. त्याला मांडव लागतो, आणि मी गावाला जाऊन बसले तर इथे मांडव घालणार कोण? माझा लेक? त्याला अजून लेंग्यात नाडी घालता येत नाही."